दुसरी हाक

“गाडीखाली शिरलीस की बोलत ऱ्हायचं. मी हाक मारली की ओ द्यायची. तोंडात नट धरला असशील तर पान्यानं टकटक करायचं. आणि दुसऱ्या हाकेला उत्तर आलं न्हाई, तर हातातलं टाकून मी खाली येतो. मग म्हणू नकोस, सांगितलं न्हाई.”

मी हसले. “आत्ती, गाडी लाकडी ठोकळ्यांवर आहे. शिवाय जॅक आहे. शिवाय तुम्ही ते चाकसुद्धा आडवं करून खाली सारलंय. काही होत नाही गाडीला.”

“गाडीला काय व्हायचंय?” आत्ती म्हणाल्या. “मी तुझं सांगायलो.”

मी पुन्हा हसले आणि ते तिथंच सोडून दिलं. मांजर आडवं गेलं की थांबावं, तिन्हीसांजेला केर काढू नये, तशातलंच काहीतरी असणार. मी नाशिकची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, इचलकरंजीत सून म्हणून येऊन मला फार दिवस झाले नव्हते. इथं सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, हे मी शिकले होते. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, याचंही आता हसू येत नव्हतं. बाकी गोष्टी हळूहळू कळतील, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी माग बंद होते. इचलकरंजीत न राहिलेल्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. आमच्या घराला दोन्ही अंगांनी यंत्रमागांच्या शेड. दिवसरात्र खडखड, खडखड. पहिले काही दिवस डोकं उठतं, मग ती खडखड रक्तात मिसळते, आणि आठवड्याच्या सुट्टीला माग थांबले की वाटतं, आपल्यालाच काहीतरी झालं. कानात कापूस गेल्यासारखं होतं. लिंबावरचा कावळा पंख झटकतो तेही ऐकू येतं. त्या शांततेत सगळं जरा दूर सरकल्यासारखं दिसायचं, अंगणातलं ऊन, दोरीवरची दुपटी, आपले स्वतःचे हातसुद्धा.

“बेअरिंगचं काम सुट्टीलाच करायचं,” आत्तींचा नियम होता. “एरवी ऐकू काय येणार, डोंबल?”

गाडी म्हणजे मामांची फियाट. पिस्त्याच्या रंगाची, दारांच्या खालच्या कडा गंजून जाळी झालेल्या. मामा जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारे. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते गेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. पूर्वी त्यांचे स्वतःचे दोन माग ज्या पत्र्याच्या शेडमध्ये होते, तिथं ते विकल्यावर ही गाडी येऊन बसली आणि तिथंच राहिली. सुजय, माझा नवरा, म्हणायचा की त्याच्या लहानपणी गाडीच्या पुढच्या सीटवर बसून तो अभ्यास करायचा, पण गाडीतून कुठं गेल्याचं त्याला आठवत नाही. आज हे काढलं, उद्या ते बसवलं, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

सुजयची नोकरी पुण्यात. तो आठवड्याच्या शेवटी यायचा. रेवा झाल्यावर पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटीनं कसं करशील, म्हणून मी इकडे आले. रेवानं तेव्हा नुकतीच मान धरली होती.

आणि मी ऐकत होते. त्या काळाबद्दल कुणी विचारलं तर मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं, की मी सारखी ऐकत होते. रेवा झोपली की तिचा श्वास ऐकायचा. मागांच्या खडखडाटात तो ऐकू यायचा नाही, म्हणून नाकाखाली बोट धरायचं. बोटाला ऊब लागली की सुटकेचा श्वास टाकायचा, आणि लगेच वाटायचं, ही ऊब आपल्याच बोटाची तर नसेल? की पुन्हा बोट. ती झोपायची तेव्हा मी जागी, ती जागी असायची तेव्हाही मी जागीच. कुणी विचारलं, “कशी आहेस?” की “ठीक आहे” म्हणायची. सुजयला फोनवर, आईला फोनवर, भिंतीपलीकडच्या पडळकरांच्या सुनेला. ठीक आहे. मस्त आहे.

एक दिवस आत्ती एकदम म्हणाल्या, “तुझा कान लई तिखट झालाय बाळंतपणापास्नं. जरा हिकडं ये.”

शेडमध्ये गाडीचं मागचं उजवं चाक जॅकवर उचललेलं होतं. त्यांनी माझ्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. “ह्याचं टोक तितं आत टेकव, चाकामागं. आणि लाकडी मूठ कानाला लाव. मी चाक फिरवतो.”

मी मूठ कानाला लावली. चाक फिरलं. आणि लाकडातून सरळ माझ्या डोक्यात आवाज आला, खरखर, मध्येच एक घुटमळ, पुन्हा खरखर. कुणीतरी वाळूवरून अनवाणी चालावं तसा.

“वाजतंय,” मी म्हटलं.

“काय वाजतंय?”

“माहीत नाही. काहीतरी झिजलेलं.”

आत्तींनी चाक हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. “बेअरिंग. ते एकदम जात न्हाई कधी. आधी त्याचा आवाज बदलतो. लोकांस्नी वाटतं गाडी चालतीय न्हवं, मग झालं.” मग जराशानं म्हणाल्या, “काढायला पायजे. मला वाकवत न्हाई. तू जाशील खाली?”

मी का हो म्हटलं कुणास ठाऊक. खरं तर मला रेवाला सोडून न्हाणीघरातसुद्धा जावत नव्हतं. पण आत्तींनी त्याचीही सोय केली होती. गाडीचा एक जुना टायर आडवा टाकून त्यात गोधडी दुमडून अंथरली. रेवा त्यात अशी मावायची की जणू तिच्यासाठीच तो बनवला असावा. शेडच्या भिंतीलगत सिमेंटचा छोटा कट्टा होता, चाकाच्या बरोबर समोर. त्यावर आत्ती, पायाशी टायर, टायरात रेवा. आणि गाडीखाली मी. आधीच्या सुट्टीला आम्ही एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, ओढून बाहेर काढला होता. मी बूड टेकून, दोन्ही पाय रेटून ओढत होते, आणि तो एकदम सुटला तशी मी एक्सल पोटावर घेऊन उताणी पडले. आत्ती हसून हसून कट्ट्यावर आडव्या झाल्या. “पोर झालं! पोर झालं!” म्हणत होत्या. जुनं बेअरिंग कोपऱ्यावरच्या लेथवाल्यानं कापून दिलं.

आणि सुरुवातीला सांगितला तो दिवस नवं बेअरिंग बसवण्याचा.

शेडमध्येच गॅसची शेगडी आणली. कढईत तेल तापवलं आणि आत्तींनी झाऱ्यानं नवं बेअरिंग त्यात अलगद सोडलं. तापलं की ते फुगतं, केसभर का होईना, आणि मग गार एक्सलवर आपसूक सरकतं. हे मी कॉलेजात शिकले होते, पण कढईत बघितलं नव्हतं.

भिंतीपलीकडून पडळकरांच्या सुनेचा आवाज आला. “मालनकाकू, काय तळायलाय?”

“बेअरिंग!”

“काय?”

“बेअरिंग, बेअरिंग! ये खायला. चटणी तेवढी घेऊन ये!”

रेवा टायरातून या ओरडण्याकडे गंभीरपणे बघत होती.

“पट्टी घातलीस का आधी?” आत्तींनी मला विचारलं. बेअरिंगच्या आधी एक चपटी पट्टी एक्सलवर चढवावी लागते; तिच्यातूनच पुढं नट-बोल्ट जातात. “तुझे मामा एकदा इसरले. बेअरिंग बसलं, रिंग बसली, सगळं ऐटीत, आणि पट्टी ऱ्हायली जमिनीवर. मी कट्ट्यावर बसून बघत होतो.”

“मग सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. रिंग गार झाल्यावर.” त्या खुदकन हसल्या. “सकाळी माझ्या आमटीला नाव ठेवलं होतं.”

पट्टी चढवली. बेअरिंग चढवलं, ते तुपावरून सरकावं तसं जाऊन जागेवर बसलं. मग रिंग, गार झाली की आवळून बसणारी आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी. ती तेलात पुरत नाही, उघड्या ज्योतीवर धरावी लागते. सांडशीत धरलेल्या त्या रिंगचा रंग बदलत गेला, आधी मधासारखा, मग तांबूस, मग मोराच्या मानेसारखा निळा. “आता!” आत्ती ओरडल्या आणि मी ती सोडली. टण् असा बारीक आवाज होऊन ती बेअरिंगला जाऊन भिडली, आणि बघता बघता तिचा निळा रंग मंदावला. मी हात लावणार होते. आत्तींनी मनगट धरलं.

“गार दिसली म्हणून गार नसती.”

एक्सल आत घालताना घाई चालत नाही. त्याच्या टोकाला दाते असतात, आणि गाडीच्या पोटात आत कुठंतरी तसेच दाते असतात. एकमेकांत बसले पाहिजेत. दिसत काहीच नाही. धरायचं, जरा फिरवायचं, ढकलायचं नाही, पुन्हा फिरवायचं. मी डोळे मिटून घेतले. खूप वेळ नुसतं लोखंड लोखंडाला घासत राहिलं. मग एकदम हातातलं वजन हलकं झालं आणि एक्सल स्वतःहून आत सरकला, झोपेत कूस बदलावी तसा.

“बसला,” मी म्हटलं.

“कळलं मला,” आत्ती म्हणाल्या. “तुझे खांदे खाली आले.”

आता राहिले होते मागच्या बाजूचे चार नट. ते खालूनच आवळावे लागतात. मी पोतं अंथरलं, पाठीवर झोपले आणि पायांनी रेटत गाडीखाली गेले.

खाली गार होतं. मातीला ग्रीसचा, जुन्या ऑइलचा, ओल्या सुतळीचा वास. माझ्या चेहऱ्यावर गाडीचं काळं पोट, इतकं जवळ की श्वास परत येत होता. डावीकडे उजेडाची लांब पट्टी, आणि त्या पट्टीत कट्टा. आत्तींचे पाय, चपला, पातळाचा काठ, आणि टायरातून वर आलेली रेवाची मूठ. मूठ उघडायची, मिटायची.

“पहिला नट?” वरून आवाज आला.

“घातला.”

“बोलत ऱ्हा.”

“काय बोलू?”

“काय बी बोल. नाशिकला द्राक्षं कधी येतात?”

मी द्राक्षांचं सांगितलं. दुसरा नट घातला. त्या त्यांच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगू लागल्या, म्हैस पंचगंगेला आलेल्या पुरात वाहून गेली आणि चौथ्या गावात एका घरी दूध देत उभी राहिलेली सापडली. मी हं म्हटलं. तिसरा नट. त्या घरच्यांनी म्हैस परत द्यायला नकार दिला. हं. म्हणाले, ती आपल्या पायांनी आलीय.

चौथा नट माझ्या हातात होता.

वर शांत होतं, सगळं गावच शांत होतं. माग बंद. रेवाची मूठ खाली गेली होती. तिला झोप लागली असणार. आणि मला जाणवलं की मी ऐकत नाहीये. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मी कशासाठीच कान लावलेला नव्हता. तिचा श्वास मला इथून ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तरी ती वर होती, होतीच. तिच्याजवळ तिची आजी होती. त्या आजीला सगळं येत होतं, तेल लावता येत होतं, पाळणा म्हणता येत होता, म्हशीच्या गोष्टी येत होत्या. मला फक्त भीती येत होती.

मग माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. अगदी हळू आलं, कुणी कानात सांगावं तसं, आणि त्यात दुःख नव्हतं. वर एक बाळ आहे आणि त्याला एक आजी आहे. पुरेसं आहे. मी वर नाही गेले तरी चालेल.

मला खूप बरं वाटलं. तेच भयंकर होतं, पण ते मला पुढं कळलं. तेव्हा फक्त बरं वाटलं. अंगाखालची जमीन मऊ होत गेली. गाडीचं पोट आभाळासारखं दिसू लागलं, ग्रीसचे डाग ढगांसारखे. चौथा नट बोटांतून घरंगळला आणि मी त्याला जाऊ दिलं.

“केतकी?”

ती हाक फार लांबून आली. नदीपलीकडून यावी तशी. मी ऐकली. ओ द्यायला काहीच लागत नव्हतं, जीभ हलवायची एवढंच. नाही तर पाना उचलायचा आणि टक करायचं. पाना माझ्या तळहाताखाली होता.

मी मनात म्हटलं, मारू दे हाक.

“केतकी गं?”

उजेडाच्या पट्टीतले पाय एकदम उभे राहिले. चपला बाजूला उडाल्या. मग पाय नाहीसे झाले, आणि पट्टीत पातळाचा घोळ आला, एक कोपर, पांढऱ्या केसांचा अंबाडा, आणि आत्ती पाठीवर सरपटत, धापा टाकत, माझ्या शेजारी येऊन थांबल्या. त्यांचा अंबाडा सुटून मातीत पसरला. त्यांनी माझा हात शोधून काढला आणि मनगट घट्ट धरलं, मघाशी तापलेल्या रिंगपासून ओढून घेतलं होतं तेच.

त्यांची धाप खाली बसेना.

“लागलंय का कुठं?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“झोपलीस व्हय?”

“नाही.”

“मग ओ का दिली न्हाईस?”

आत्ती वाट बघत राहिल्या, आणि वाट बघता बघता त्यांनी मान डावीकडे वळवली, रेवाकडे बघायला असणार. आणि तशाच राहिल्या. माझ्या मनगटावरची त्यांची बोटं एकदम सैल पडली.

“हितनं कट्टा दिसतोय की,” त्या म्हणाल्या.

“हो. तुमचे पाय दिसतात. आणि रेवाचे हात.”

“बरोबर कट्टाच दिसतोय. दुसरं काय बी न्हाई.”

“तुम्ही कधी बघितलं नाही?”

“मी कधी खाली आलोच न्हाई.” त्यांचा आवाज विचित्र झाला होता. “ते खाली असायचे. मी कट्ट्यावर. कट्टा त्यांनीच बांधला. मी म्हटलं, दाराजवळ बांधा, वारं येतंय. न्हाई म्हणाले. हितंच. वीतभर हिकडं न्हाई, वीतभर तिकडं न्हाई.”

त्या कट्ट्याकडे बघत राहिल्या, जणू अजून तिथं कुणी बसलेलं आहे. मी त्यांच्याकडे बघत होते. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कानाच्या पाळीचं भोक ओघळलेलं, गालावर ग्रीसचा पट्टा.

“सुजय झाल्यावर,” आत्ती म्हणाल्या, “मला काय तरी झालं होतं. काय ते आजबी सांगता येणार न्हाई. पोर रडायचं आणि मला वाटायचं, कुणाचं तरी रडतंय. परसात आड होता आपला, आता बुजवला. मी आडाकडं जाऊन उभी ऱ्हायचो. पाणी काढायला न्हवे. नुसती. सासूबाई म्हणायच्या, बाहेरचं लागलंय, नारळ उतरवून टाका. आणि एक दिवस तुझे मामा ही गाडी ओढून घेऊन आले. बैल लावून. आख्खी गल्ली हसली. जॉबरला मोटार! मलाबी राग आला. घरात हे असं, आणि ह्यांस्नी गाडी सुचतीय.”

“मग?”

“मग रोज कामावरनं आलं की खाली. मला म्हणायचे, मालन, तू कट्ट्यावर बस आणि बोल. माझ्या जीवाचा भरवसा न्हाई, जॅक सटकला तर कुणाला कळणार? तू बोल, मी ओ देतो. म्हणून मी बसायचो. सुजयला मांडीवर घेऊन. काय बोलणार? सुरवातीला नुसती हाक मारायचो. अहो. ते म्हणायचे, ओ. अहो. ओ. पुढं पुढं बोलायला लागलो. म्हशीचं, माहेरचं. मला वाटायचं...” त्या थांबल्या. “मला इतकी वर्षं वाटत होतं, मी त्यांना राखायलो.”

मी उजेडाच्या पट्टीकडे बघितलं. कट्टा. त्यावर बसलेल्या माणसाचे पाय, मांडीवरच्या पोराचे हात, तेवढंच बरोबर मावेल एवढी पट्टी.

“बेअरिंगं काढायचे आणि तीच परत बसवायचे,” आत्ती म्हणाल्या. “मी इचारायचो, संपत का न्हाई काम? म्हणायचे, फियाट आहे, येळ लागतो.” आणि त्या हसायला लागल्या, आवाज न करता, पोट हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. “लबाड माणूस. लबाड, लबाड माणूस.”

मग मी बोलले. ते वाक्य मी मोठ्यानं म्हटलं, मघाचंच, जसंच्या तसं. वर एक बाळ आहे, त्याला आजी आहे, मी वर नाही गेले तरी चालेल. म्हणताना मला वाटलं, आता या किंचाळतील, देवाचं नाव घेतील, रेवाला माझ्यापासून लांब ठेवतील.

आत्तींनी मनगट पुन्हा घट्ट धरलं.

“कधीपास्नं?”

“माहीत नाही. बरेच दिवस. पण असं सरळ आजच.”

“सुजयला आज सांगू. उद्या डॉक्टरणीकडं जाऊ. मी आत बसणार तुझ्यासंगं, बाहेर न्हाई.” त्यांनी नाक पुसलं, नाकालाही ग्रीस लागलं. “आधी नट आवळ.”

“सापडत नाहीये. पडला.”

“मग हुडीक की! अशी सोडतेस व्हय मला हितं? मला एकटीला बाहेर येता यायचं न्हाई.”

आम्ही दोघींनी मातीत हात फिरवून चौथा नट शोधला. तो आत्तींच्या सुटलेल्या केसांत सापडला. मी आवळत असताना त्या विचारत होत्या, बसला? आणि मी म्हणत होते, बसतोय. बसला? बसतोय. तेवढ्यात वर रेवा उठली आणि तिनं भोकाड पसरलं. मी दचकून उठायला गेले आणि कपाळ गाडीच्या पोटावर आपटलं. त्याची खूण अजून आहे, भुवईच्या वर, निरखून बघितली तर दिसते.

“का खाली घातलंत मला?” बाहेर आल्यावर, रेवाला खांद्यावर घेऊन मी विचारलं. “खरं सांगा.”

आत्ती केसांतली माती झटकत होत्या. “बेअरिंग वाजत होतं म्हणून.”

“आत्ती.”

“वाजत होतं की. तूच ऐकलंस न्हवं?” मग अंबाडा बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आणि तू ‘ठीक आहे’ म्हणायचीस, त्याचा आवाज बदलला होता.”

डॉक्टरणीनं त्याला नाव दिलं, औषधं दिली, आणि पुष्कळ बायकांना होतं असं सांगितलं. आत्ती आत बसल्या होत्या. सुजयनं रजा घेतली. हे सगळं एका दिवसात सरलं नाही. अजूनही मी रेवाच्या खोलीत रात्री एक चक्कर टाकते, ती आता शाळेत जाते आणि मला म्हणते, “आई, मी श्वास घेतेय. जा.”

पण त्या दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आधी, आम्ही चाक चढवलं आणि मी ते हातानं फिरवलं. ते फिरत राहिलं. मी हात मागे घेतला, तरी ते फिरतच होतं, आवाज न करता, आणि त्याच्या भोकांतून ऊन येऊन रेवाच्या तोंडावर सावल्या सरकत होत्या. तिनं त्या धरायचा प्रयत्न केला. मी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली. आत, खूप खोल, नुसती एक सळसळ होती, ज्वारीच्या शेतातून वारा जावा तशी.

“डाव्या बाजूचंबी वाजतंय वाटतं,” आत्ती म्हणाल्या.

मी उठले, पलीकडे गेले, डावं चाक जॅकवर घेतलं, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. आत्तींनी चाक फिरवलं. काही वाजत नव्हतं. नव्यासारखं बेअरिंग होतं.

मी खूप वेळ ऐकलं.

“हो,” मी म्हटलं. “वाजतंय. काढायला पाहिजे.”

ते काढायला आम्हाला पुढचा अख्खा हिवाळा लागला. मी खाली, आत्ती वर. कधी त्या म्हशीचं सांगत, कधी मी सांगत असे.

हे मी आज का लिहितेय, तर तुमच्या जिन्यावर, गल्लीत, नात्यात कुणीतरी नुकती बाळंतीण असेल. बाळाला बघायला तुम्ही जाऊन आला असाल, झबलं दिलं असेल. ती ‘ठीक आहे’ म्हणाली असेल. एकदा पुन्हा जा. बाळ झोपलेलं असलं तरी जा. तिच्याजवळ बसा आणि काहीही बोला, द्राक्षांचं, म्हशीचं. तिला हाक मारा. ओ आली तर तिचा आवाज ऐका. आणि दुसऱ्या हाकेला ओ आली नाही, तर हातातलं टाका आणि आत जा.